‘निर्णय घेणं जड जातं का?’ : लिंगभावाकडे बघण्याच्या मानसशास्त्राच्या दोन रीती

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे : “मुख्य प्रवाहातलं मानसशास्त्र आणि क्रिटिकल सायकॉलॉजी यांची लिंगभावाची समज नेमकी कुठे वेगळी पडते? व्याख्या पाठ आहेत, पण समोर माणूस बसल्यावर या फरकाने काही बदलतं का? आणि काम करताना कुठली बाजू धरायची?”

शब्दापासून सुरुवात करते, कारण गोंधळ तिथेच होतो. क्रिटिकल सायकॉलॉजीला मराठीत कुणी ‘चिकित्सक मानसशास्त्र’ म्हणतं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला ‘चिकित्सालयीन’. मुलं परीक्षेत एकाचं उत्तर दुसऱ्याला लिहून येतात. म्हणून मी इथे ‘क्रिटिकल’ हाच शब्द ठेवते. ‘लिंगभाव’ हा शब्द मात्र मला मनापासून आवडतो. शरीराचं लिंग वेगळं आणि त्याभोवती समाजाने उभा केलेला भाव वेगळा, हे त्या शब्दातच दिसतं.

आता एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी महिन्यातून दोनदा ओपीडीत बसायचे. चाळिशीची एक बाई आली. झोप लागत नाही, मान-पाठ दुखते, छातीत धडधडतं, कशात मन नाही. रक्त तपासून झालेलं, ईसीजी ठीक, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेली. मी नैराश्याची प्रश्नावली वाचून दाखवत होते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. एका प्रश्नापाशी आले : निर्णय घेणं पूर्वीपेक्षा जड जातं का? ती थांबली. म्हणाली, “कसला निर्णय, ताई?” मी म्हटलं, घरातला, पैशाचा, मुलांचा. “ते मला कोण इचारतंय? भाजी कुठली करायची ते पण सासूबाई सांगत्यात.”

मी पेन हातात धरून बसले. शून्य लिहावं तर अर्थ होतो की तिला काही अडचण नाही. तीन लिहावं तर अर्थ होतो की आजाराने तिची निर्णयशक्ती खालावली. दोन्ही खोटं. तिच्या उत्तरासाठी त्या कागदावर जागाच नव्हती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. मुख्य प्रवाह विचारतो, या माणसाच्या आत काय आहे आणि किती आहे. त्याच्या लेखी लिंगभाव हा व्यक्तीचा एक गुण, मोजता येण्यासारखा. बायकांचा गट, पुरुषांचा गट, दोघांची सरासरी, मधला फरक, मग त्या फरकाचं कारण हार्मोन्समध्ये, मेंदूत नाहीतर संगोपनात शोधायचं. क्रिटिकल मानसशास्त्र विचारतं, निर्णय मुळात आहे कुणाच्या हातात? हा ‘गुण’ बाईच्या आत कुणी नेऊन ठेवला, त्याचा फायदा कुणाला होतो, आणि मोजमाप करणारे आपण त्या व्यवस्थेला हातभार लावतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तो आपल्याच टेबलाकडे बोट दाखवतो.

मोजमापाचा इतिहास थोडा बघ. १९३६ साली लुईस टर्मन आणि कॅथरीन माइल्स यांनी पुरुषत्व-स्त्रीत्व मोजणारी चाचणी पुढे आणली. लोकांना हेतू कळू नये म्हणून तिला आवडी आणि अभिवृत्तींच्या विश्लेषणाची चाचणी असं साधं नाव दिलं होतं. ‘पुरुषी’ उत्तराला अधिकचं चिन्ह, ‘बायकी’ उत्तराला उण्याचं. एकच सरळ रेषा, एका टोकाला पुरुष, दुसऱ्या टोकाला बाई. जितकी एका टोकाकडे सरकशील तितकी दुसऱ्यापासून दूर. पुढे एमएमपीआय ही जगभर वापरली गेलेली व्यक्तिमत्त्वाची चाचणी आली. तिच्यातल्या पुरुषत्व-स्त्रीत्वाच्या पाचव्या श्रेणीचं ‘स्त्रीत्व’ ठरवताना १३ समलैंगिक पुरुषांचा गट आधाराला घेतला होता. बाईपणाचं माप ठरवायला तेरा पुरुष! माझ्या पिढीला ही श्रेणी शिकवली गेली, आणि हे तेरा पुरुष शिकवताना गाळले गेले.

१९७४ मध्ये सँड्रा बेम यांनी ही रेषा मोडली. त्यांच्या ६० शब्दांच्या यादीत २० ‘पुरुषी’ गुण, २० ‘बायकी’, २० तटस्थ. दोन्हीकडे वरचे गुण असलेली व्यक्ती उभयगुणी, आणि ती जास्त लवचिक, असा त्यांचा विचार. त्या काळात ही मोठी झेप होती, आणि त्याबद्दल मला बेम यांचा आदर आहे. पण कुठला गुण कुणाला शोभतो हे ठरवलं स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी. ‘बायकी’ यादीत होतं नमतं घेणं, लाजाळूपणा, भाबडेपणा, लहान मुलासारखं असणं, कठोर भाषा न वापरणं. ‘पुरुषी’ यादीत महत्त्वाकांक्षा, नेतृत्व, जोखीम घेण्याची तयारी आणि, नीट लक्ष दे, सहज निर्णय घेणं.

ही यादी मी स्वतः वापरली आहे. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिचं मराठी भाषांतर घेऊन मी भाजी मंडईतल्या विक्रेत्या बायकांकडे गेले होते. पहाटे लिलावात माल उचलायचा, पैसे फिरवायचे, हमालाशी आणि अडत्याशी हुज्जत घालायची, दुपारपर्यंत विकून मोकळं व्हायचं. ‘कठोर भाषा वापरत नाही’ हे वाक्य वाचलं तेव्हा एक मावशी मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाल्या, “गिऱ्हाईकावर हाय ते. घरी न्हाई बोलत.” त्यांचे गुण काढले तर त्या भक्कम ‘पुरुषी’. बहुतेक सगळ्याच जणी तशा निघाल्या. मी निष्कर्षात लिहिलं की विक्रेत्या स्त्रियांमध्ये पुरुषी गुण अधिक आढळतात, आणि मला चांगले गुण मिळाले.

त्या मावशींनी मला उत्तर आधीच दिलं होतं, मला ते ऐकू आलं नाही. त्याच मावशी संध्याकाळी घरी सासऱ्यांसमोर पदर डोक्यावर घेऊन खालच्या आवाजात बोलायच्या, हे मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं होतं. मग खरी कुठली? १९८७ मध्ये कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन या समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की लिंगभाव हा माणसाजवळ ‘असत’ नाही, माणसं तो रोज एकमेकांसमोर ‘करतात’, आणि नीट केला नाही तर जाब द्यावा लागतो. मंडईत पदर खोचणं आणि घरात तो डोक्यावर घेणं, दोन्ही त्या बाईचंच. यादी मात्र विचारते की तू सर्वसाधारणपणे कशी आहेस. सर्वसाधारणपणे कोण कुठे उभं असतं?

बेमही तिथे थांबल्या नाहीत. १९८१ पासून त्यांनी विचारायला सुरुवात केली की समाज मुलांना प्रत्येक गोष्ट स्त्री-पुरुष अशा खणांत लावायला शिकवतो कसा. मोजणारीनेच मोजपट्टीवर शंका घेतली, म्हणून दोन प्रवाहांमध्ये काही चीनची भिंत आहे असं समजू नकोस.

मुख्य प्रवाहाचं देणंही नीट समजून घे. त्याच्या आकड्यांनी बायकांविरुद्धचे कितीतरी समज मोडले आहेत. १९१४ च्या सुमारास लेटा हॉलिंगवर्थ यांनी मोजमाप करूनच दाखवलं की पाळीच्या दिवसांत बायकांची बुद्धी मंदावते या समजाला आधार नाही. २००५ मध्ये जॅनेट हाइड यांनी ४६ मेटा-विश्लेषणं, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष, एकत्र करून पाहिली, तर स्त्री-पुरुषांमधले ७८ टक्के फरक अगदी लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. लांब चेंडू फेकण्यासारख्या थोड्या गोष्टींत मोठा फरक, बाकी साम्यच साम्य. ‘बायकांना गणित जमत नाही’ म्हणणाऱ्या पालकांसमोर मी आजही हेच काढून ठेवते.

क्रिटिकल बाजूचं म्हणणं त्यापुढे सुरू होतं. रेचेल हेअर-मस्टिन आणि जीन मॅरेसेक यांनी १९८८ मध्ये दोन पूर्वग्रह दाखवले. एक, फरक फुगवणं. दुसरा, फरक नाहीच असं धरून चालणं. दुसरा सभ्य वाटतो म्हणून जास्त घातक आहे. नवरा-बायको दोघांना समोर बसवून ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ असं मी अनेकदा म्हटलं आहे. एकाच्या नावावर घर, बँक खातं आणि माहेरी न पाठवण्याची मुभा, दुसरीकडे यातलं काहीच नाही, आणि मी दोघांना सारखं समजून घ्यायला सांगते. मनाने दोघं सारखे असतीलही, पण उभे सारख्या जमिनीवर नाहीत.

आणि ‘निरोगी’ कोणाला म्हणायचं? १९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांना निरोगी प्रौढ व्यक्तीचं, निरोगी पुरुषाचं आणि निरोगी स्त्रीचं वर्णन करायला सांगितलं. निरोगी व्यक्ती आणि निरोगी पुरुष ही वर्णनं जुळली. निरोगी स्त्री मात्र जास्त दबणारी, कमी स्वतंत्र, लहानसहान प्रसंगाने लवकर विचलित होणारी. म्हणजे चांगली बाई व्हायचं तर निरोगी माणसापेक्षा थोडं कमी निरोगी असावं लागतं. आता पुन्हा माझ्या ओपीडीतल्या प्रश्नाकडे ये. सहज निर्णय घेणं हा एका यादीत पुरुषी गुण, आणि निर्णय न घेता येणं हे दुसऱ्या यादीत आजाराचं लक्षण. बाईने नेमकं कुठे उभं राहायचं?

हे सगळं अमेरिकेतून आलेलं आहे असं वाटू देऊ नकोस. सुरतच्या एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिली. बायकांचे म्हणून सांगितलेले एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत नाही का, आणि बाईत तो आला तर कुणाच्या करणीने आला, असं त्यांनी विचारलं. स्वभाव म्हणून जे दाखवलं जातं त्यामागची व्यवस्था दाखवणं, हेच तर क्रिटिकल मानसशास्त्राचं काम. अभ्यासक्रमात ताराबाई मराठी साहित्याच्या वर्गात शिकवतात. माझ्या मते त्यांची जागा मानसशास्त्राच्या पहिल्या सत्रात आहे.

आपल्याकडचं जवळचं नाव म्हणजे पुण्याच्या भार्गवी दावर. त्यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच सुमारास मानसिक आरोग्यावर काम करणारा बापू ट्रस्ट उभा केला. त्यांचा मुद्दा आकड्यांवरच उभा होता. स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांत स्त्री-पुरुष प्रमाण साधारण सारखं. नैराश्य, चिंता, अंगदुखीच्या रूपाने येणारा ताण यांत मात्र बायका जवळजवळ दुप्पट. बाईचं मन मुळातच नाजूक असतं तर फरक सगळीकडे दिसला असता. तो दिसतो जगण्याशी जास्त बांधलेल्या आजारांत.

गोव्यातलं काम मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला सांगते. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. बाळंतपणानंतरचे हार्मोन्सचे चढउतार मुलगा झाला म्हणून कमी होत नाहीत. तिथेच सुमारे अडीच हजार बायकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की ‘अंगावर पांढरं जातं’ ही तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी जास्त जोडलेली आहे. आपल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताईला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. या अभ्यासांची रीत पूर्ण मुख्य प्रवाहातली, नमुना, प्रश्नावली, सांख्यिकी. पण ‘बाळ मुलगा की मुलगी’ आणि ‘नवरा मारतो का’ हे प्रश्न त्यांनी विचारले. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सांख्यिकीतून येत नाही.

पुरुषांबद्दलही हेच लागू आहे, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पुस्तक सांगतं की नैराश्य बायकांत दुप्पट. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत १,६४,०३३ आत्महत्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त पुरुषांच्या, आणि सगळ्या राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा. मग त्यांचं नैराश्य गेलं कुठे? एक टेम्पोवाले दादा बायकोने ओढत आणले म्हणून माझ्याकडे आले होते. तक्रार दारू आणि राग. रडू येतं का विचारलं तर म्हणाले, “लहानपणी एकदा रडलो होतो. बापाने बायल्या म्हणून हाक मारली, ती हाक गावात दहावीपर्यंत राहिली.” त्यांच्या केसपेपरवर व्यसन लिहिलं गेलं होतं. नैराश्याची प्रश्नावली त्यांना कुणी दिलीच नव्हती.

त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, २३,१७८, गृहिणी होत्या. लग्न हा संरक्षक घटक असं पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत वाचून आलेली मुलं या आकड्यापाशी गप्प होतात. तिथे थोडा वेळ गप्पच राहावं असं मला वाटतं.

दोन्ही बाजूंमधला सर्वांत धारदार फरक मला ट्रान्स व्यक्तींसोबत काम करताना दिसला. १९८० मध्ये डीएसएममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मनोविकारांच्या यादीत, ‘लिंगओळखीचा विकार’ आला, २०१३ मध्ये त्याजागी ‘जेंडर डिस्फोरिया’ आला, म्हणजे ओळख हा विकार नाही, तिच्यामुळे होणारी तगमग तेवढी उपचाराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणाने हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढला. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा, नाल्सा खटला म्हणून ओळखला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल तर प्रत्येक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा. ठाण्याच्या ट्रान्स कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. न्यायालयाने जैविक कसोटीपेक्षा मनाची कसोटी मानली, आणि स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. मन म्हणजे त्या व्यक्तीचं मन. पूर्वी मी अशा अहवालांना चाचण्यांचे आकडे जोडले आहेत, कारण तशी रीत होती. आता एखादे आईवडील मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, “तपासून सांगा, खरंच तसं आहे का.” मी सांगते की ते तो किंवा ती सांगेल, माझं काम ते सांगताना होणारा त्रास कमी करण्याचं आहे. आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला एखादा जोगता समोर बसला तर डीएसएमचा कुठलाच खण त्याला नीट बसत नाही. त्याच्याकडे स्वतःसाठी शब्द आहे, देव आहे, जागा आहे. नसतो तो पगार आणि भाड्याची खोली.

आता क्रिटिकल बाजूच्या उणिवा, कारण त्यांची किंमत मी एकीला मोजायला लावली आहे. थकवा, वजन वाढलेलं, कशात रस नाही असं सांगणारी एक मुलगी माझ्याकडे यायची. एकत्र कुटुंब, नोकरी, पहाटे साडेचारला उठणं. मला चित्र इतकं स्पष्ट दिसलं की दोन महिने मी तिच्याशी घरकामाच्या वाटणीवर बोलत राहिले. तिचं थायरॉइड बिघडलेलं होतं. साधी रक्ततपासणी सुचवायची माझ्याकडून राहिली. व्यवस्था दिसायला लागली की शरीर दिसेनासं होऊ शकतं. बाळंतिणीला भास होत असतील तर तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं असतं, पितृसत्तेचं विश्लेषण नंतर. शिवाय क्रिटिकल लेखनाची भाषा पुष्कळदा इतकी जड असते की ज्या बाईच्या बाजूने ते लिहिलेलं असतं तिच्यापर्यंत ते कधीच पोचत नाही.

मग बाजू कुठली धरायची? मी मोजपट्टी मुख्य प्रवाहाची वापरते आणि केसपेपर क्रिटिकल बाजूकडून शिकून लिहिते. कागदावर ‘लक्षणं’ या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना हाताने आखते : घरात पैसा कुणाच्या हातात, एकटीला बाहेर जाता येतं का, मारहाण होते का, माहेर आहे का. जात आणि काम हेही तिथेच, कारण शेतमजूर दलित बाईचा दबाव आणि फ्लॅटमधल्या सुनेचा दबाव एका शब्दात मावत नाहीत. हे एकट्या समुपदेशकावर सोडायचंही कारण नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही आरोग्यावर काम करणारी संस्था आणि मुंबई महापालिका यांनी हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं दिलासा केंद्र बघून ये. अंगदुखी किंवा झोपेची तक्रार घेऊन आलेल्या बाईला हिंसेबद्दल विचारायचं कसं, हे तिथे रुग्णालयातल्या लोकांना शिकवलं गेलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस यंत्रणेत अशाच बायकांसाठी सुरू केलेला विशेष कक्षही बघ. इंटर्नशिप करायची तर अशा जागी कर.

त्या ओपीडीतल्या बाईचं सांगायचं राहिलं. मी तो प्रश्न कोरा ठेवला आणि शेजारी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांनी झोपेसाठी औषध दिलं, ते लागलंही. माझ्या सुचवण्यावरून ती वस्तीतल्या बचत गटात जाऊ लागली, आधी सासूबाईंच्या सोबतीने. चौथ्या भेटीत मी पुन्हा प्रश्नावली काढली. त्या प्रश्नापाशी आल्यावर ती हसली. गटातून शेळीसाठी कर्ज घ्यायचं का, यावर तिला सही करायची होती. “तीन रात्री डोळा न्हाई लागला, ताई. घेऊ का नको, घेऊ का नको.” घेतलं का विचारलं. घेतलं होतं.

त्या दिवशी त्या प्रश्नापुढे मी एक गुण लिहिला.